साल्सा-बचाटाचा छंद: महिन्याचं बजेट कसं बसवावं

साल्सा किंवा बचाटा या जोडीनं करायच्या लॅटिन नाचांच्या क्लासची फी ऐकून बरेच जण ‘एवढं परवडेल’ म्हणतात आणि नाव घालतात. तीन महिन्यांनी बँकेचं स्टेटमेंट उघडलं की फी त्यात कुठेतरी मधेच सापडते. बाकीच्या ओळी असतात कॅबच्या, सोशलच्या (क्लासबाहेरच्या नाचाच्या रात्रीच्या) एन्ट्रीच्या, बुटांच्या आणि कुणीतरी ग्रुपवर ‘अर्ली बर्ड आज संपतोय’ (म्हणजे लवकर घेणाऱ्यांची सवलत) म्हटल्यावर घाईघाईत घेतलेल्या डान्स फेस्टिव्हलच्या पासच्या. जोडीनं करायच्या नाचात क्लास हा खर्चाचा फक्त एक भाग. मुंबई-पुण्यात सध्या साल्सा आणि बचाटाचे क्लास आणि सोशल सहज मिळतात, म्हणून उदाहरणं तीच घेतली आहेत. आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेत. तुमच्या भागातले दर विचारून ते बदला.

आधी रक्कम, मग बॅच

घरभाडं, हप्ते, एसआयपी वगैरे जाऊन जे उरतं त्यातून नाचासाठी महिन्याला किती काढता येतील ते कागदावर लिहा. समजा ५,००० रुपये. यातले ५०० रुपये पहिल्याच दिवशी बाजूला टाका, कारण बूट आणि फेस्टिव्हल हे खर्च वर्षातून एकदा-दोनदा येतात पण एकदम येतात. उरलेल्या ४,५०० मध्ये क्लास, सोशल आणि येणं-जाणं बसलं पाहिजे. बसत नसेल तर आठवड्याला दोनऐवजी एक क्लास घ्या. रक्कम मात्र वाढवू नका, निदान पहिले सहा महिने.

पॅकेज लगेच घेऊ नका

ट्रायल क्लास झाला की काउंटरवर सहा महिन्यांचं पॅकेज पुढे येतंच, आणि महिन्याच्या दरानं पाहिलं तर ते स्वस्तही असतं. पण बिगिनर्स बॅचला पहिल्या आठवड्यात असलेली गर्दी दुसऱ्या महिन्यात किती विरळ होते ते एकदा बघा. पहिला महिना सुटा भरा. पॅकेज घेण्याआधी विचारायचं ते एवढंच: फी जीएसटी धरून आहे का, चुकलेला क्लास दुसऱ्या बॅचमध्ये भरून काढता येतो का, आणि पाय मुरगळला किंवा ऑफिसनं महिनाभर बाहेर पाठवलं तर पॅकेज थांबवता येतं का. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या.

जोडीदार नाही म्हणून प्रायव्हेट लेसन घ्यायची गरज नाही. ग्रुप क्लासमध्ये दर काही मिनिटांनी पार्टनर बदलतात (याला रोटेशन म्हणतात), त्यामुळे एकट्यानं गेलं तरी चालतं. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर फी दुप्पट आहे हे धरून चाला, पण रिक्षा एकच लागते. आणि शक्य असेल तर रोटेशनमध्ये राहा. फक्त एकमेकांबरोबर नाचलं की दोघांच्या चुका एकमेकांना सवयीच्या होतात, आणि त्या पुढे प्रायव्हेटचे पैसे भरून काढाव्या लागतात.

सुरुवातीला शैली एकच. बचाटात तीन पावलं आणि चौथ्या मात्रेवर टॅप, म्हणजे पायाचा हलका टेका. साल्सात आठ मात्रांपैकी चौथी आणि आठवी सोडायची. दोन्ही एकदम सुरू केलं की फी दोन भरता आणि पाय तिसरंच काहीतरी करतात. साल्सातही ऑन-वन आणि ऑन-टू असे दोन प्रकार असतात: पुढे-मागे जाण्याचं मुख्य पाऊल पहिल्या मात्रेवर की दुसऱ्या. तुमच्या शहरातल्या सोशलमध्ये बहुतेक जण जो नाचतात, तो घ्या.

बूट: थांबा, मग एकदाच नीट घ्या

पहिल्या महिन्यात बूट विकत घेऊ नका. रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज मात्र टाळा; फरशी धरून ठेवतात, पाय वळत नाही आणि वळण गुडघ्यात जातं. कपाटात चामड्याच्या सोलचे जुने फॉर्मल शूज असतील तर ते काढा. दुसरा उपाय म्हणजे पायाला नीट बसणारा जुना जोड मोच्याकडे नेऊन त्याच्या तळाला स्वेड चामडं लावून घेणं. चामड्याची खरखरीत, लव असलेली बाजू बाहेर हवी हे त्याला समोर उभं राहून सांगा, नाहीतर तो सवयीनं गुळगुळीत बाजू बाहेर ठेवतो आणि तुम्ही बर्फावर उभे.

नाच जमतोय असं वाटलं की खास डान्स शूज घ्या. मुलींनी पहिल्याच जोडीला तीन इंची टाच घेऊ नये. कमी उंचीची टाच आधी, फोटो नंतर. हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत: पिशवीतून न्यायचे, हॉलमध्ये बदलायचे. पावसाळ्यात तर हे कटाक्षानं पाळा, भिजलेला स्वेड कडक होतो. तळ घासून गुळगुळीत झाला की तारेच्या छोट्या ब्रशनं लव उभी करायची. एवढं सांभाळलं तर दर वर्षी नवा जोड लागत नाही.

सोशलला जाताना

खरं शिकणं सोशललाच होतं. पबमधल्या सोशलला एन्ट्री ‘फुल कव्हर’ असेल, म्हणजे तेवढ्याचं खाण्यापिण्यात वळतं करून मिळणार असेल, तरी तो खर्चच आहे. एरवी रात्री अकराला तुम्ही तेवढे फ्राइज मागवले नसते. स्टुडिओतल्या सोशलला हा प्रश्न नसतो, पाण्याची बाटली घरून नेता येते. नवख्यांनी स्टुडिओच बरा.

खरा खड्डा परतीच्या वाटेवर असतो. मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५ रिक्षा-टॅक्सीचं भाडं सव्वापट होतं, आणि अॅपवरच्या कॅबचं भाडं तर गर्दीच्या मनावर. म्हणून घरातून निघतानाच ठरवा: शेवटची मेट्रो किंवा लोकल गाठायची, की त्याच बाजूला राहणाऱ्या दोघा-तिघांबरोबर कॅब वाटून घ्यायची. सोशलला लवकर जाणं हा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. सुरुवातीचा तास फ्लोअर मोकळा असतो, बऱ्याच ठिकाणी मोफत बिगिनर्स क्लास असतो, आणि अकराला निघालात तरी तीन तास नाचून झालेले असतात.

 

ताशी हिशेब मांडा

महिनाअखेरी प्रत्येक खर्चाला प्रत्यक्ष नाचलेल्या तासांनी भागा. क्लासची फी २,४०० आणि जाण्यायेण्याचे ८००, तास आठ: तासाला ४०० रुपये. सोशलची एन्ट्री ४००, सोडा १००, परतीची कॅब ३००, म्हणजे ८००. चार तास थांबलात पण भिंतीला टेकून दोन तास मोबाइल बघितला, तर इथंही तासाला ४००. तेच तीन तास नाचलात आणि कॅब दोघांत वाटली तर ६५० भागिले तीन, म्हणजे तासाला साधारण २१७. ‘नाचू या का’ असं विचारायला लाजणं एवढं महाग पडतं.

सरावासाठी चौघांनी मिळून तासाला ६०० रुपयांनी हॉल घेतला तर डोई १५० पडतात. सोसायटीचं क्लबहाउस मिळालं तर तेही नाहीत. शाइन्स, म्हणजे एकट्यानं करायचं फुटवर्क, स्वयंपाकघरातल्या फरशीवर मोजे घालून होतं. माझं मत विचाराल तर दुसरा वाढीव क्लास लावण्याआधी असा एक सरावगट जमवावा. क्लासमध्ये आठवड्याला नवं कॉम्बिनेशन मिळतं आणि पुढच्या आठवड्यात विसरायला होतं; मागचंच दहा वेळा करायला कुणी फी घेत नाही.

प्रायव्हेट लेसन तासाला १,५०० पडलं तरी एखादी अडलेली गोष्ट सोडवायला ते ठीक आहे, उदाहरणार्थ स्पिनमध्ये तोल का जातो. प्रश्न नेमका नसेल तर घेऊ नका. जोडीदाराबरोबर घेत असाल तर पैसे कोण किती देणार, हे वेळ ठरवण्याआधी बोला. नंतर हा विषय दोघांनाही अवघड जातो.

फेस्टिव्हल

दिवसा वर्कशॉप, रात्री पार्टी, असे तीन दिवस. पास ६,०००, गाडी आणि वाटून घेतलेली खोली ५,५००, खाणं आणि रिक्षा २,५००, एकूण १४,०००. सहा तास वर्कशॉप आणि रोज चार तास पार्टी धरली तर १८ तास, म्हणजे तासाला साधारण ७८०. हा शिकण्याचा खर्च धरू नका, सहलीचा धरा, म्हणजे मनाला पटतं. पहिल्या वर्षी फुल पास घ्यायचा मोह टाळा. दोन रात्री पहाटेपर्यंत नाचलेला माणूस सकाळी अकराच्या वर्कशॉपला क्वचितच उभा राहतो. फक्त रात्रीचा पार्टी पास मिळतो का ते बघा. पास रद्द होत नसेल तर नाव बदलता येतं का, तेही विचारा. नोंदणीच्या टेबलावर काही तास बसायच्या बदल्यात काही आयोजक पासात सवलत देतात, पण त्यासाठी दोन-तीन महिने आधी विचारावं लागतं.

महिन्याला बाजूला टाकलेल्या ५०० चे वर्षात ६,००० होतात. त्यातून बूट गेले की १४,००० च्या फेस्टिव्हलला ते पुरत नाहीत, हे उघड आहे. तेव्हा पहिला फेस्टिव्हल आपल्याच शहरात येईल तो धरावा, रात्रीपुरता, आणि झोपायला घरी यावं.