मॉडेल विमानावरची हवा कॉम्प्युटरवर बघायचीय, पण खर्च परवडत नाही? हे करून बघा

मॉडेल प्लेन स्वतः डिझाइन करायला लागलं की कधी ना कधी वाटतंच, की बाल्सा कापायच्या आधी ही विंग नीट उडेल का ते बघता आलं तर किती बरं. मग आपण शोधायला लागतो आणि समोर येतात ती मोठ्या कंपन्यांची सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित) पॅकेजेस, ज्यांचं लायसन्स एकट्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं, आणि बरेच जण तिथेच नाद सोडतात. सोडू नका. आपल्या साइजच्या विमानाला जे लागतं त्यातलं बहुतेक फुकट मिळतं, आणि ते साधंसुधं नाही, चांगलं दणकट काम आहे. फक्त तुम्हाला नक्की काय जाणून घ्यायचंय ते आधी ठरवा.

म्हणजे बघा, सीजी (वजनाचा मध्य) कुठे ठेवू, शेपटी पुरेल का, कुठला एअरफॉइल (विंगच्या छेदाचा आकार) घेऊ, किती स्पीडला उडेल, हे प्रश्न असतील तर फुल सीएफडीची गरजच नाही. एक्सएफएलआर५ घ्या. याच्या पोटात एक्सफॉइल आहे, जे एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिलं आणि लो स्पीड एअरफॉइलसाठी आजही लोक तेच वापरतात. एक्सएफएलआर५ ने त्याला खिडक्या, बटणं आणि अख्खी विंग, अख्खं विमान तपासायची सोय दिली. साध्या लॅपटॉपवर चालतं आणि उत्तर काही सेकंदात येतं.

सुरुवात रेनॉल्ड्स नंबरपासून (विंगची साइज आणि वेग यांवरून हवा कशी वागेल ते सांगणारा आकडा) करा, हे कृपया टाळू नका, कारण मॉडेलची हवा आणि मोठ्या विमानाची हवा वेगळी वागते ती इथेच. सोपा हिशोब: ७०,००० गुणिले वेग (मीटर प्रति सेकंद) गुणिले कॉर्ड, म्हणजे विंगची पुढून मागपर्यंतची रुंदी (मीटर). २० सेंमी कॉर्ड आणि १२ मी/से वेग असेल तर साधारण १,६८,००० येतो, आणि तीच विंग टोकाला १२ सेंमी असेल आणि विमान ८ मी/से ने तरंगत असेल तर तिथे फक्त ६७,००० च्या आसपास. एवढ्या कमी रेनॉल्ड्सला लॅमिनार (थराथरांत शांत वाहणारा) प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो, जमलं तर पुढे परत चिकटतो, मध्ये बबल तयार होतो आणि ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो. मोठ्या विमानाचा एअरफॉइल मॉडेलवर फसतो तो बऱ्याचदा याच्यामुळे.

मग इलिनॉय विद्यापीठाच्या यूआययूसी एअरफॉइल डेटाबेसमधून कोऑर्डिनेट फाइल उतरवा, तिथे दीड हजारांहून जास्त एअरफॉइल फुकट आहेत. बॅच अ‍ॅनालिसिसमध्ये ४०,००० ते ३,००,००० अशी रेनॉल्ड्सची रेंज द्या, अँगल (विंग हवेला ज्या कोनात भिडते तो) उणे ५ ते १२ अंश. एनक्रिट (प्रवाह किती लवकर टर्ब्युलंट म्हणजे खळबळता होतो ते ठरवणारी सेटिंग) ९ राहू द्या, ती नेहमीच्या विंड टनेलसारखी हवा धरते, विंगचं फिनिशिंग खडबडीत असेल तर ६-७ करून परत चालवा आणि किती फरक पडतो बघा. नंतर विंग काढा, शेपटी काढा, वजनं योग्य जागी टाका. विंग चालवताना पॉइंट फ्लाइट एन्व्हलपच्या बाहेर गेला असा एरर आला तर घाबरू नका, तुमच्या पोलर्सची (एअरफॉइलच्या लिफ्ट-ड्रॅगच्या आकड्यांची) रेंज कमी पडली एवढंच, आणखी खालचे रेनॉल्ड्स टाकले की बहुतेक वेळा सुटतं. पिचिंग मोमेंटचा (नाक वर-खाली वळवणाऱ्या जोराचा) ग्राफ अँगल वाढताना खाली उतरत असेल तर विमान स्थिर आहे, वर चढत असेल तर सीजी पुढे घ्या.

एक लक्षात असू द्या, एक्सएफएलआर५ मध्ये फ्यूजलाज (विमानाचं धड) टाकायच्या भानगडीत पडू नका, त्याने उत्तर सुधारण्यापेक्षा बिघडतंच जास्त. त्यामुळे फ्यूजलाज, लँडिंग गिअर यांचा ड्रॅग हिशोबात येत नाही आणि ग्लाइड रेशो खऱ्यापेक्षा छान दिसतो. स्टॉलनंतरच्या (विंगची लिफ्ट कोसळल्यावरच्या) आकड्यांवरही भरवसा ठेवू नका. फ्यूजलाजचा आकार हवाच असेल तर नासाचं ओपनव्हीएसपी आहे, २०१२ पासून ओपन सोर्स, त्यातलं पॅरासाइट ड्रॅगचं (लिफ्टशी संबंध नसलेल्या ड्रॅगचं) टूल या अंदाजाला चांगलं उपयोगी पडतं.

आता खरोखरच सीएफडी लागते ती कुठे, तर विंग आणि फ्यूजलाजच्या सांध्यात हवा कशी वळते, मोटरला थंड हवा पोचते का, असल्या प्रश्नांना. इथे ओपनफोम आहे, पूर्ण फुकट, सेलची (हवेचे जे बारीक तुकडे पाडून गणित होतं त्यांची) मर्यादा नाही, विंडोजवर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमधल्या लिनक्सच्या सोयीतून) चालतं. शिकायला वेळ लागतो हे खरं. कमांड टाइप करायचा कंटाळा असेल तर फ्रीकॅड या फुकट कॅड प्रोग्रॅममध्ये सीएफडीओएफ वर्कबेंच टाका, ते ओपनफोमच चालवतं पण बटणांनी. ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत आणि कमांड थोड्या वेगळ्या, तेव्हा ट्युटोरियल ज्या शाखेचं असेल तीच इन्स्टॉल करा, नाहीतर एररच शोधत बसाल. अँसिसचं स्टुडंट व्हर्जनही फुकट आहे पण मेशच्या (सेलच्या जाळीच्या) साइजला मर्यादा आणि धंद्याच्या कामाला मनाई. सिमस्केल ब्राउझरमध्ये चालतं, लॅपटॉप कमजोर असेल तर बरं पडतं, पण त्याच्या फुकट प्लॅनमध्ये तुमचं प्रोजेक्ट सगळ्यांना दिसतं, डिझाइन लपवायचं असेल तर तो मार्ग नाही.

मी पहिल्यांदा ओपनफोम चालवलं तेव्हा लिफ्ट भलतीच आली आणि दोन दिवस टर्ब्युलन्स मॉडेल बदलत बसलो. चूक एसटीएल फाइलची (कॅडमधून निघणाऱ्या आकाराच्या फाइलची) होती. एसटीएलमध्ये युनिटच नसतं आणि ओपनफोम सगळं मीटरमध्ये धरतं, म्हणजे कॅडमधली १५०० मिमी ची विंग तिथे दीड किलोमीटरची झाली होती. आधी स्केल तपासा, मॉडेलला भोकं नाहीत ना ते बघा, अर्धंच विमान घेऊन मधे सिमेट्री प्लेन (आरशासारखी सीमा) लावा म्हणजे सेल निम्मे होतात. आणि नेहमीचं के-ओमेगा एसएसटी मॉडेल प्रवाह पहिल्यापासून टर्ब्युलंट धरतं, म्हणजे तो मघाचा बबल त्यात दिसणारच नाही, त्यासाठी ट्रान्झिशनवालं के-ओमेगा एसएसटीएलएम लागतं आणि त्याला भिंतीजवळ खूप बारीक मेश हवी.

कुठलंही टूल घ्या, आपलं विमान टाकायच्या आधी नाका ००१२ हा वर-खाली सारखा असलेला एअरफॉइल चालवून बघा. शून्य अंशाला लिफ्ट शून्य यायला हवी, आणि टूडी (फक्त छेदाच्या) केसमध्ये रेनॉल्ड्स दहा-वीस लाख ठेवला तर प्रत्येक अंशाला लिफ्ट कोएफिशियंट साधारण ०.११ ने वाढायला हवा. तेवढं जुळलं नाही तर सेटिंगमध्येच काहीतरी चुकलंय, ते सापडेपर्यंत स्वतःच्या विंगचे आकडे वापरू नका.