ऋण दाबाचा प्रयोग: पेशी दाबामुळे सरकल्या की कार्बन डायऑक्साइडमुळे?

जखमेवर व्हॅक्यूमने ऋण दाब लावतात, तसा दाब डिशमधल्या पेशींवर लावून त्या लवकर सरकतात का हे बघायचा हा प्रयोग. स्क्रॅच अ‍ॅसे (पेशींच्या थरात ओरखडा काढून तो किती लवकर भरतो हे मोजणं) येते, केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) वाढवता येतात, हे धरूनच चालतो. सगळ्यात जास्त घात होतो तो वेगळ्याच जागी. व्हॅक्यूम चेंबरमधल्या डिशमधला ओरखडा २४ तासांत लवकर भरला, बाहेरच्या डिशमधला मागे राहिला, की आपण खूश. पण त्या दोन डिशमध्ये फक्त दाबाचा फरक नव्हताच.

आकडेमोड करून बघा. उणे १२५ मिमी पारा हे गेजवरचं वाचन. समुद्रसपाटीला आत प्रत्यक्ष ६३५ मिमी उरतात. ३७ अंशांना पाण्याची वाफ ४७ मिमी घेते, आणि दाब उतरला तरी ती तेवढीच राहते. म्हणजे वायूंसाठी ७१३ ऐवजी ५८८ मिमी. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब ३५.७ वरून २९.४ वर येतो, त्यामुळे बायकार्बोनेट मीडियमचा (पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्याचा) पीएच साधारण ०.०८ ने चढतो. ऑक्सिजनही त्याच प्रमाणात घटतो. पीएच आणि ऑक्सिजन या दोन्हींचा पेशींच्या हालचालीवर परिणाम होतो, मग श्रेय दाबाला कसं द्यायचं?

म्हणून तिसरी डिश लागतेच: वातावरणाच्या दाबावर, पण ४.१ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि १६.४ टक्के ऑक्सिजन असलेली. उलट बाजूने जायचं तर चेंबरमध्ये ६.१ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि २४.१ टक्के ऑक्सिजन सोडा. हेपिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर) घातलं की झालं, असं सीनियर सांगतात. हेपिसने पीएचचा फरक कमी होतो, ऑक्सिजनचा तसाच राहतो. हा शॉर्टकट मला पटत नाही.

बाष्पीभवनाचंही तेच. इन्क्युबेटरची दमट हवा व्हॉल्व्हमधून आत येताना प्रसरण पावते आणि तिची सापेक्ष आर्द्रता ८४ टक्क्यांच्या आसपास उतरते. पाण्याची बाटली व्हॉल्व्हच्या आधी जोडून उपयोग नाही. निर्जंतुक पाण्याची उघडी डिश चेंबरच्या आतच ठेवा. आधी-नंतर डिशचं वजन करा. ५ टक्के मीडियम उडालं तर ३०० ची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची संहती) ३१५ च्या पुढे जाते.

बाकी गोष्टी सोप्या आहेत, घाबरू नका. मीडियम आधीच त्याच दाबावर ठेवून वायू काढून घ्या, नाहीतर बुडबुडे ओरखड्याच्या कडेला चिकटतात. दाब उतरवायला आणि सोडायला दोन-दोन मिनिटं द्या. झटका बसला की कडेच्या पेशी उचलल्या जातात. विभाजन थांबवायला मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, दोन तास, मग नीट धुवा. नाहीतर पेशींची वाढ हीच हालचाल म्हणून मोजली जाईल. टिपने ओरखडा काढताना खालचा थरही खरवडतो, त्यापेक्षा ५०० मायक्रॉन फटीचा सिलिकॉन इन्सर्ट (काढला की पेशींमध्ये मोकळी फट सोडणारा साचा) बरा. रुंदी एका जागी मोजू नका, मोकळं क्षेत्रफळ मोजा.

गाईड म्हणतील, रुग्णाच्या जखमेवर हेच तर घडतं. नाही, तिथे व्हॅक्यूमच्या पट्टीखाली जखमेवर फोम असतो. तो जखमेच्या पृष्ठभागाला ठिकठिकाणी ओढतो. संगणकीय मॉडेलमध्ये हा ताण ५ ते २० टक्के निघाला आहे. उघड्या डिशमध्ये दाब सगळीकडून सारखाच कमी होतो, त्यामुळे पेशी जवळजवळ ताणल्याच जात नाहीत. ताणाचा परिणाम हवा असेल तर लवचीक पडद्यावर पेशी वाढवून तो ओढा, आणि त्या प्रयोगात वायूंचं प्रमाण मुळीच हलवू नका.