जीएसटीच्या तारखा सांभाळून ‘वन पीस’ गाठायचं कसं

‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका. आधी एकूण आकडा काढू. ‘वन पीस’चे भाग 1,100 च्या पुढे गेलेत आणि एक भाग कागदावर 24 मिनिटांचा. गुणाकार केला की साडेचारशे तासांच्या आसपास येतं, आणि एवढं बघूनच निम्मी नोकरदार माणसं हात जोडतात. पण हा आकडा ढोबळ आहे, त्यातून वजावट व्हायचीय. सुरुवातीचं गाणं, मागच्या भागाची उजळणी, शेवटी पुढच्या भागाची झलक, हे सगळं काढलं की नवीन असं 17-18 मिनिटंच उरतं. मधल्या बऱ्याच वर्षांत तर शेवटचं गाणं बंद करून सुरुवातीचंच अडीच मिनिटांपर्यंत ताणलं होतं. तेव्हा निव्वळ हिशोब साधारण 330-350 तासांचा. रोज तीन भाग म्हणजे तासाला थोडं कमी. महिन्यातले 25 दिवस धरले तर महिन्याला 75 भाग. सव्वा वर्षात पोचता. लग्नं, आजारपणं, पाहुणे धरून दीड वर्ष लिहून ठेवा.

मी कर सल्लागार, ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत. अशील म्हणजे उद्यमनगरातले छोटे कारखानदार, चपलांची दुकानं आणि मार्केट यार्डातले गुळाचे अडते, जे वर्षभराची बिलं पिशवीत कोंबून शेवटच्या आठवड्यात टेबलावर ओततात. त्यामुळं माझ्या महिन्याला स्वतःचा आकार आहे. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. जुलै आयकर रिटर्नचा, सप्टेंबर ऑडिटचा. तुमचा व्यवसाय वेगळा असेल, पण तुमच्याही महिन्याला असे फुगवटे असणारच. कॅलेंडर घ्या आणि कोणत्या आठवड्यात काहीच बघायचं नाही ते पहिल्यांदा लाल पेनानं खोडा. उरलेल्या दिवसांतच बसवायचं आहे. ‘रविवारी एकदम पंधरा भाग’ हा बेत मनातून काढून टाका. रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहायचं असतं, दुपारी तांबडा-पांढरा झाल्यावर डोळे मिटतात आणि संध्याकाळी कोणाकडं तरी बारसं असतं.

दिवस ठरले की मालिकेचे तुकडे पाडा. भागांचा आकडा धरून बसू नका, आर्क धरा, म्हणजे एकेक सलग कथानक. सगळ्यात पहिला तुकडा 1 ते 44, अरलाँग पार्क संपेपर्यंत. हाच चाचणीचा काळ. चित्रं जुनी आहेत, 1999 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली मालिका आहे, पडदाही चौकोनी. पहिल्या 10 भागांवर मत बनवू नका. नामी या पात्राची सगळी गोष्ट कळल्यावर, 44 संपल्यावर, काहीच वाटलं नाही तर खुशाल सोडा. तुमचे तीनशे तास वाचले.

आवडलं तर पुढं थांबायच्या जागा अशा: 130 ला अलाबास्टा संपतं, 195 ला स्कायपिया, 312 ला एनिस लॉबी, 381 ला थ्रिलर बार्क, 516 ला गोष्टीचा पूर्वार्ध. त्यानंतर गोष्टीत दोन वर्षं पुढं उडी आहे, म्हणून तुम्हीही तिथं महिनाभर सुट्टी घेऊ शकता. मग 746 ला ड्रेसरोझा, 877 ला होल केक आयलंड, 1085 ला वानो. या आकड्यांवर थांबून दोन महिन्यांनी परत आलं तरी काही बिघडत नाही. याउलट 264 ते 312 आणि 457 ते 489 हे दोन पट्टे मध्ये सोडायचे नाहीत. पहिला एनिस लॉबीचा, दुसरा मरीनफोर्डच्या युद्धाचा. माझा नियम साधा आहे: 11 आणि 20 तारखेच्या मध्ये यातलं काही सुरू करायचं नाही, नाहीतर रात्री दीडला 3बी भरताना मनात दुसरंच काहीतरी पेटलेलं असतं आणि इनपुट क्रेडिटचा रकाना डोळ्यांसमोर हलायला लागतो.

वॉटर सेव्हन मात्र पावसाळ्यात बघा, हा खास कोल्हापूरकरांसाठीचा सल्ला. 229 पासून सुरू होतं. जहाजं बांधणाऱ्यांचं शहर, घाटावर कारागिरांचा राबता, कोण चांगला सुतार आणि कोण नुसता बोलबच्चन हे गल्लीत सगळ्यांना माहीत. उद्यमनगरात फिरलेल्या माणसाला ही माणसं ओळखीची वाटतील. त्या शहरात दरवर्षी ठरलेल्या काळात समुद्राची मोठी लाट येते, अक्वा लागुना म्हणतात तिला. शहर हळूहळू खचतंय आणि सखल भागातले लोक ठरल्या वेळी सामान बांधून वर सरकतात. कोणी आरडाओरडा करत नाही, दरवर्षीचंच आहे. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका हे लहान पोराला विचारलं तरी सांगणाऱ्या गावात बसून ते भाग बघणं वेगळं आहे. पुण्यामुंबईच्या लोकांना तिथं फक्त देखावा दिसत असेल.

पावसाळ्याचं दुसरं काम जास्त व्यवहारी. लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही, तेव्हा डाऊनलोडची सोय असलेली वर्गणी घ्या आणि आठवड्याचे भाग रविवारी रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला किंवा एसटीनं पुण्याला जाणं होत असेल तर तेच कामाला येतं. गाडी लागणाऱ्यांनी मात्र सबटायटल वाचायच्या फंदात पडू नये.

सबटायटलचा विषय निघालाच आहे तर सांगते. जपानी आवाजच चांगले, यावर माझ्या भाच्याशी माझं भांडण नाही. पण सबटायटलला डोळे लागतात, आणि भाकरी थापताना डोळे तव्यावर लागतात. म्हणून मी वाटणी केलीय. मारामारी, समुद्रातला प्रवास, थट्टामस्करी असलेले भाग इंग्रजी डबमध्ये, स्वयंपाकघरात, फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून, एकाच कानात इअरफोन (दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांना). कोणाचा तरी भूतकाळ सुरू झाला की तिथं थांबवायचं. ते रात्री, सगळे झोपल्यावर, जपानीत. या मालिकेत भूतकाळ हीच खरी कमाई आहे, नामीचा असो, चॉपरचा असो, रॉबिनचा तर विचारूच नका. ते कांदा चिरताना बघितलं तर रडण्याचं श्रेय उगीच कांद्याला जातं. डब कुठपर्यंत आहे ते प्रत्येक ॲपवर वेगळं असतं, आर्क सुरू करायच्या आधी बघून घ्या.

तिसरी जागा म्हणजे ताटकळण्याची. मुलीचा क्लास राजारामपुरीत. तिथं आठव्या गल्लीत संध्याकाळी पालकांच्या गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येकजण सीटवर बसून फोन चाळत असतो. तेवढ्यात दोन भाग आरामात होतात. रील बघण्यात जाणारी वीस-वीस मिनिटं आधी इकडं वळवा, झोपेतून वेळ काढायची वेळ बहुतेक येणारच नाही.

आता ड्रेसरोझाबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक लोक तिथंच गळतात. सुरुवातीला ही मालिका झपाट्यानं चालते. मंगाचे, म्हणजे मूळ जपानी चित्रकथेचे, पहिले 100 चॅप्टर 61 भागांत झालेत, तेही मध्ये थोडं फिलर (मंगात नसलेले भरतीचे भाग) धरून. पुढं मात्र मालिका दर आठवड्याला येत राहिली आणि मूळ मंगाच्या अगदी मागं येऊन पोचली, त्यामुळं ती हळू करण्यावाचून ती बनवणाऱ्या तोएई ॲनिमेशनकडं पर्याय उरला नाही. ड्रेसरोझा मंगात 700 ते 801, म्हणजे 102 चॅप्टर. ॲनिमेत 629 ते 746, म्हणजे 118 भाग. एका भागात पुरता एक चॅप्टरही नाही. एकजण मूठ उगारतो, मग आजूबाजूच्या वीस जणांची तोंडं उघडलेली एकेक करून दाखवतात, मग मूठ बसते. धूळ बसायला पुढचा आठवडा.

इथं मंगाकडं वळा, लाज वाटून घेऊ नका. एक चॅप्टर सावकाश वाचला तरी आठ मिनिटं. 102 चॅप्टरचे साडेतेरा तास, आणि तेवढ्याच गोष्टीला ॲनिमेत उजळणी वगळूनही 35 तास. एकवीस-बावीस तासांची निव्वळ बचत, आणि गोष्टीतलं काहीही सुटत नाही कारण मूळ गोष्ट तीच आहे, एइचिरो ओदांनी 1997 पासून चालवलेली. विझ या प्रकाशकाच्या शोनेन जंप ॲपवर जुने चॅप्टर भारतातूनही माफक मासिक वर्गणीत इंग्रजीत वाचता येतात. पानं उजवीकडून डावीकडं वाचायची, दोन दिवसांत सवय होते. मी ड्रेसरोझा वाचून काढलं आणि भाच्यानं सांगितलेले मोजके शेवटचे भाग तेवढे बघितले. फिश-मॅन आयलंडसाठी तर वाचायचीही गरज नाही. मूळचे 517 ते 574 हे भाग तोएईनंच नव्यानं कापून 21 भागांत बसवलेत. मालिका ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025 थांबली होती, त्या काळात ते जपानी टीव्हीवर लागले. तेच बघा. वानो मात्र मंगात वाचून उरकू नका. हळू तेही आहे, पण चित्रकाम असं की शेवटच्या टप्प्यात पैसे वसूल होतात.

दीडपट वेगानं बघणारेही भेटतात. मला ते पटत नाही. घाई झालीय तर वाचा, बघायचं तर नीट बघा.

फिलरमधून मोठी बचत निघेल अशी आशा असेल तर ती ‘नारुतो’ ही दुसरी ॲनिमे बघणाऱ्यांना शोभते. तिकडं पहिल्या मालिकेच्या 220 भागांतले 136 ते 219 जवळजवळ सगळेच सोडता येतात. वन पीसमध्ये फिलर शंभराच्या आतच आहे. 54 ते 60, 131 ते 143, 220 ते 226, 326 ते 336, 382 ते 384, 575 ते 578, 626 ते 628, 747 ते 750, 780 ते 782, 895-896, हे बिनधास्त गाळा. 590 हा दुसऱ्या दोन मालिकांशी घातलेला मेळ आहे, तोही गाळा. फक्त 196 ते 206 गाळू नका. जी-8 म्हणतात त्याला, नौदलाच्या तळात अडकल्याची गोष्ट. मंगात नाही, तरीही मूळ गोष्टीतल्या काही भागांपेक्षा सरस आहे. त्या तळावरचा अधिकारी शांत डोक्याचा, मासे धरत बसलेला, आणि सगळ्यात हुशार. असा एखादा अधिकारी आमच्याकडच्या एखाद्या खात्यात मिळाला असता तर माझी निम्मी अपिलं वाचली असती.

एक वही घाला. हे मी व्यवसायामुळं सांगते असं वाटेल, पण दोन महिने खंड पडल्यावर नावं आठवत नाहीत हा सगळ्यांचा अनुभव आहे. प्रत्येक आर्कला एक पान. कोण नवीन आलं, कोणाचं कोणाशी वैर, कोणतं कोडं उघडं राहिलं, एवढंच. ओदा तीनशे-चारशे चॅप्टरपूर्वीची उधारी अचानक वसूल करतात, तेव्हा ती वही खतावणीसारखी उघडून जुनी नोंद सापडली की जे समाधान मिळतं ते ताळेबंद जुळल्याच्या तोडीचं आहे. लाबून नावाचा देवमासा पहिल्या 65 भागांतच येऊन जातो. त्याचं पान कोरं ठेवू नका.

स्पॉइलरचं काय करायचं? पूर्ण टाळता येत नाहीत. एपिसोड 1071 ऑगस्ट 2023 मध्ये आला तेव्हा ज्यांनी एकही भाग बघितला नव्हता त्यांच्याही स्टेटसला नायक लुफीचा तो नवा अवतार झळकत होता. जे डोळ्यांवर आपटलंय ते आपटलंय, तिथपर्यंत पोचलात की कसं झालं ते कळेलच. यूट्यूब आणि इन्स्टाला ‘यात रस नाही’ सांगत राहा, पात्राचं नाव चुकूनही शोधू नका. शोधच्या चौकटीत नाव टाकलं की खाली पहिलीच सूचना ‘मृत्यू’ अशी येते. घरातल्या स्पॉइलरला उपाय वेगळा. माझा भाचा बारावीला आहे आणि जेवायला बसला की सुरू व्हायचा, “आत्ती, तू अजून थ्रिलर बार्कातच? लई हळू चाललीयास. पुढं काय हुतंय म्हाईताय का...” मी त्याला सरळ सांगितलंय, पुढचं एक अक्षर बोललास तर नीटच्या मॉक टेस्टचे मार्क तुझ्या बापाला मी सांगणार. तेव्हापासून तोंड बंद. उलट आता प्रत्येक आर्क संपला की वही घेऊन त्याच्याकडं बसते, तो माझे अंदाज ऐकून गालात हसतो, आणि त्याच्या हसण्यावरून मी अंदाज बदलते.

चित्रपट राहिले. गोष्ट समजायला त्यांची गरज नाही, पण एखाद्या शनिवारी घरच्यांना सोबत बसवायचं असेल तर चांगले पडतात. 2009 चा ‘स्ट्राँग वर्ल्ड’ ओदांनी स्वतः लिहिलाय, तो 384 नंतर कधीही. 2012 चा ‘झेड’ फिश-मॅन आयलंडनंतर. 2022 चा ‘रेड’ वानो अर्ध्याच्या पुढं गेल्यावर, 1029 आणि 1030 या दोन भागांत त्याची प्रस्तावना आहे.

आणि शेवटच्या टप्प्यात पळायची गरज उरलेली नाही. तोएईनं ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केलंय की एप्रिल 2026 पासून वर्षाला जास्तीत जास्त 26 नवे भाग येतील. पूर्वी वर्षाला चाळीसच्या वर यायचे, म्हणजे आपण वीस पुढं गेलो की गाडी एक स्टेशन पुढं सरकलेली असायची. आता एका महिन्यात 75 भागांच्या वेगानं चालणाऱ्याला वर्षाचा नवा माल दहा-बारा दिवसांत संपतो. तेव्हा वानोनंतरच्या एगहेड आर्कला पोचलात की वेग आपणहून एक तृतीयांश करा, दिवसाला एक. आणि त्या आठवड्यात 20 तारीख येत असेल तर तोही नको.