ग्रीसच्या किनाऱ्यावरील तावेर्नात कसे जेवावे

ग्रीसमध्ये समुद्रकाठच्या खानावळीत, म्हणजे तिथल्या भाषेत तावेर्नात, पहिल्यांदा जाणारा आपल्याकडचा माणूस बहुधा दोन चुका करतो. एक तर तो संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन बसतो, आणि दुसरे म्हणजे बसल्याबरोबर मेन्यूकार्ड उघडून माणशी एकेक पदार्थ मागवतो. अशाने जेवण वाईट होते असे नाही, पण ते महाग पडते, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात जे सर्वांत चांगले असते ते टेबलावर येतेच असे नाही. मेन्यूकार्डावर वर्षभर मिळू शकणारे सगळेच पदार्थ छापलेले असतात. आज काय आले आहे ते स्वयंपाकघरात विचारावे लागते.

वेळ आणि जागा

तिथे दुपारचे जेवण दोन ते चारच्या दरम्यान आणि रात्रीचे नऊनंतर होते. साडेसातला गेल्यास टेबल सहज मिळते, मात्र आजूबाजूला बहुतेक परदेशी पाहुणेच दिसतात. खाणावळींचे प्रकारही ओळखून ठेवावेत. प्सारोतावेर्ना म्हणजे मुख्यतः मासळीची खाणावळ, ऊझेरी आणि त्सिपुरादिको म्हणजे मद्यासोबत छोट्या बशांतून खायचे ठिकाण, आणि मायिरिओ म्हणजे सकाळीच मोठ्या परातींतून शिजवून ठेवलेले घरगुती पदार्थ वाढणारी जागा. शाकाहारी माणसाने हा शेवटचा शब्द विसरू नये.

बंदरावर पाण्याला लागून मांडलेल्या टेबलांवर बसण्यात गैर काही नाही. क्रीट बेटावरील हान्याचे जुने व्हेनेशियन बंदर आणि समोरचा दीपस्तंभ संध्याकाळच्या उजेडात पाहावा असाच आहे. मात्र अशा जागी आपण देखाव्याचेही पैसे मोजत असतो, हे मनाशी धरून बसावे. दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आत ओढणारा माणूस आणि सहा भाषांतले सचित्र फलक दिसले, तर दोन गल्ल्या आत जावे.

आधी वारा पाहावा, मग मासा

हा मुद्दा प्रवासी क्वचितच लक्षात घेतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेकडचा कोरडा वारा वाहतो, आणि तो जोरात असला की लहान होड्या बाहेर पडत नाहीत. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात जशी यांत्रिक मासेमारी बंद असते, तशी ग्रीसच्या सागरी हद्दीत साधारण जून ते सप्टेंबर ट्रॉलरची मासेमारी बंद असते. म्हणजे पर्यटकांची गर्दी सर्वाधिक असते त्याच महिन्यांत ताजी मासळी मुख्यतः जाळी आणि गळ वापरणाऱ्या छोट्या होड्यांवर अवलंबून असते. सलग दोन-तीन दिवस वारा सुटलेला असेल तर समुद्रातल्या मोठ्या माशाचा हट्ट धरू नये. त्या दिवशी भाज्या, डाळी आणि मत्स्यशेतीतली मासळी मागवणे शहाणपणाचे. त्सिपूरा आणि लाव्राकी हे दोन मासे बहुतांश ठिकाणी पिंजऱ्यांत वाढवलेले असतात. ते स्वस्त असतात आणि नीट भाजले तर चवीलाही चांगले लागतात. फक्त त्यांना समुद्रातून पकडलेल्या माशाचा भाव देऊ नये.

मेन्यूवर एखाद्या पदार्थापुढे तारकाचिन्ह असेल, तर तो गोठवलेल्या मालापासून केलेला आहे असे समजावे. तसे दाखवणे खाणावळींवर बंधनकारक आहे. कालामारी, म्हणजे आपली माकुले, आणि कोळंबी यांच्यापुढे ही चांदणी वारंवार दिसते.

शीतपेटीपाशी उभे राहून निवड करणे

मासळीच्या तावेर्नात ‘मासे पाहू का?’ असे विचारणे अजिबात वावगे मानत नाहीत. उलट मालक उत्साहाने आत घेऊन जातो. बर्फावर मांडलेले मासे पाहताना आपल्या बाजारातलीच पारख वापरावी. डोळा फुगीर आणि स्वच्छ असावा, कल्ला उचलून पाहिल्यास आत लाल असावा, आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर यावे. मालवण किंवा रत्नागिरीच्या बाजारात वाढलेल्या माणसाला इथे भाषेची फारशी अडचण येत नाही.

मोठा मासा किलोच्या दराने विकला जातो, आणि वजन होते ते साफ करण्यापूर्वीच्या कच्च्या माशाचे. म्हणून पुढचा क्रम मोडू नये. मासा बोटाने दाखवावा, तो आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगावा, आकडा वाचावा, किलोचा दर विचारावा, मनात गुणाकार करावा आणि मगच होकार द्यावा. समजा दर किलोला 60 युरो आहे आणि मासा 700 ग्रॅम भरला, तर त्याचे 42 युरो होतात. डोके, काटे आणि शेपूट वजा जाता ताटात येणारे मांस त्याहून बरेच कमी असते. पहिल्या प्रवासात एका लहानशा बंदरावर मी हा गुणाकार बिल आल्यानंतर केला होता. फसवणूक कोणीही केली नव्हती. दर भिंतीवर लिहिलेला होता, मी तो वाचला नव्हता, एवढेच.

खरे सांगायचे तर, मोठ्या माशापेक्षा छोटी तळलेली मासळीच अनेकदा जास्त समाधान देते, आणि ती बशीच्या दराने मिळते. गाव्रोस हा आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, सार्देला म्हणजे तारलीची जवळची नातलग, आणि मारीदा इतकी लहान असते की ती डोक्यासकट खायची. लेस्बोस बेटावर असाल तर कालोनीच्या आखातातील सार्देला उन्हाळ्यात अवश्य खावी. निखाऱ्यावर भाजलेल्या माशासोबत ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घोटून केलेले लादोलेमोनो येते. दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातलेले ख्तापोदी, म्हणजे ऑक्टोपस, दिसले तर ते केवळ छायाचित्रांसाठी टांगलेले असतात असे समजू नये. उन्हावाऱ्यात त्यातले पाणी उडते आणि निखाऱ्यावर टाकल्यावर ते शिजत बसण्याऐवजी खरपूस भाजले जाते.

किती मागवावे

पदार्थ टेबलाच्या मध्यभागी ठेवून सर्वांनी वाटून खायचे असतात. चार माणसांसाठी एक होर्यातिकी (कोशिंबीर), एक फावा (डाळीचा घट्ट गोळा), एक होर्ता (उकडलेली पालेभाजी), एक बशी तळलेली मासळी आणि एक भाजलेला पदार्थ इतके पुरते. कमी पडल्यास पुन्हा सांगता येते आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. जो पदार्थ तयार होईल तो लगेच येतो, त्यामुळे मासा आधी आणि कोशिंबीर नंतर असे झाल्यास रागावू नये.

होर्यातिकी म्हणजे टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेता चीजची अख्खी वडी, तिच्यावर ओरेगानो आणि सढळ हाताने तेल. तिच्यात कोबीसदृश पालेभाजी नसते. सगळे संपल्यावर तळाशी टोमॅटोचा रस, तेल आणि फेताचा चुरा यांचे जे तांबूस मिश्रण उरते, त्यात पाव बुडवून खाणे याला पापारा म्हणतात. भाकरीच्या तुकड्याने वाटी पुसून खाणाऱ्यांना याची दीक्षा द्यावी लागत नाही. पाव मात्र न मागता येतो आणि त्याचे माणशी थोडे पैसे ‘कुवेर’ या नावाने बिलात लागतात. नको असेल तर आल्याबरोबर परत करावा. अर्धा खाऊन वाद घालू नये.

शाकाहारी जेवण

ग्रीक जेवणात शाकाहारी माणसाची उपासमार होते हा समज चुकीचा आहे. लादेरा या नावाखाली ऑलिव्ह तेलात सावकाश शिजवलेल्या भाज्यांचा एक मोठा वर्गच आहे: फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतल्या फरसबीच्या शेंगा, यीगान्तेस म्हणजे भट्टीत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या. हे पदार्थ कोमटच वाढतात, ते तसेच चांगले लागतात, आणि सकाळी केलेले असल्याने रात्रीपर्यंत संपलेले असतात. म्हणून शाकाहारी माणसाने मुख्य जेवण दुपारी करावे. मेलिद्झानोसालाता हे भाजलेल्या वांग्याचे भरीतच होय, फक्त फोडणीविना. फावा हा पिवळ्या डाळीचा घट्ट, पिठल्यासारखा गोळा, वर कच्चा कांदा आणि तेल घातलेला; सांतोरिनी बेटावरील प्रसिद्ध फावा ज्या दाण्यापासून होतो तो आपल्या लाखेच्या डाळीच्या वंशातला आहे. होर्ता म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, बऱ्याचदा रानातल्या, लिंबू पिळून.

येथे एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाच्या पदार्थांना निस्तीसिमा म्हणतात. त्यात मांस, दूध, अंडी आणि बहुतेक दिवशी मासेही वर्ज्य असतात, त्यामुळे ‘निस्तीसिमो आहे का?’ हा प्रश्न उपयोगी पडतो. परंतु रक्त नसलेले मानले जाणारे ऑक्टोपस, माकुले आणि शिंपले उपवासाला चालतात! आपल्या उपवासाला साबुदाणा चालतो तसे त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस चालतो, इतके लक्षात ठेवले की घोटाळा टळतो. येमिस्तात कधी खिमा असतो, यीगान्तेसमध्ये कधी सॉसेज असते, आणि गुलाबीसर दिसणारी तारामोसालाता माशांच्या अंड्यांची असते. ‘होरीस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय आणि ‘होरीस प्सारी’ म्हणजे माशाशिवाय, हे दोन शब्दप्रयोग पाठ करून जावेत. काटेकोर शाकाहारींनी हेही जाणून घ्यावे की पारंपरिक फेता बनवताना दूध विरजण्यासाठी सहसा प्राण्यांच्या जठरातील रेनेट वापरतात.

पेय

खाणावळीची स्वतःची वाइन किलोवर मिळते. ‘मिसो किलो’ म्हटले की अर्धा किलो, म्हणजे साधारण अर्धा लिटरचे भांडे येते. ऊझो हे बडीशेपेसारख्या वासाचे मद्य पाणी घालताच दुधाळ होते, कारण त्यातले सुगंधी तेल मद्यार्कात विरघळलेले असते आणि पाण्याने ते बाहेर पडते. आधी पाणी, मग बर्फ हा क्रम ठेवावा, आणि रिकाम्या पोटी पिऊ नये. वोलोस शहरातील त्सिपुरादिकोंत त्सिपुरो नावाच्या मद्याच्या प्रत्येक छोट्या बाटलीबरोबर खाण्याची एक बशी आपोआप येते. तिथे मेन्यू पाहण्याची गरजच उरत नाही.

होकार, नकार आणि बिल

ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो आणि ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी कानाला ‘ने’ मध्ये नकार किंवा ‘उचलून ने’ असेच ऐकू येते, त्यामुळे सुरुवातीला हमखास गोंधळ होतो. भर म्हणून, भुवया उंचावून मान किंचित मागे टाकली आणि जिभेने ‘च्’ असा आवाज केला तर तो स्पष्ट नकार असतो. वेटरने तसे केले की तो मासा संपला आहे असे समजून दुसरा निवडावा.

वाऱ्याने उडू नये म्हणून चिमटे लावलेल्या कागदी टेबलक्लॉथवर एका लहानशा पेल्यात पावती गुंडाळून ठेवलेली असते. ती उलगडून वाचावी. माशाचे वजन, किलोचा दर आणि कुवेर या तीन ओळी आधी पाहाव्यात. रीतसर पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणे बंधनकारक नाही, ही सूचना तिथल्या मेन्यूकार्डांवर छापलेलीच असते. बिल मागितल्याशिवाय येत नाही, कारण टेबल रिकामे करण्याची घाई दाखवणे असभ्य समजतात. ‘तो लोगारियाझ्मो, पाराकालो’ एवढे म्हणावे. बक्षिसी सक्तीची नाही, वरचे सुटे ठेवले तरी चालते.

क्रीटमध्ये बिलाबरोबर बहुधा न मागितलेली एक छोटी बाटली राकी आणि कलिंगडाच्या फोडी येतात. त्यांचे पैसे पावतीत नसतात. मद्य घेत नसाल तर हात छातीवर ठेवून ‘एफखारिस्तो’ म्हणावे आणि कलिंगड खावे.