मध्ययुगीन ससेपालनाच्या खुणा जमिनीवर कशा ओळखाव्यात

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूरच्या पठारावर किंवा पूर्वेकडील ब्रेकलँडच्या रेताड माळावर हिंडताना गवताने झाकलेले लांबट, बुटके उंचवटे दिसले, तर त्यांना लगेच थडगी किंवा तटबंदी ठरवू नये. त्यांतले पुष्कळसे सशांसाठी माणसाने मुद्दाम रचलेले आहेत. ससा बाराव्या शतकात, नॉर्मन राजवटीत, मांस आणि कातडे या दोन्हींसाठी इंग्लंडमध्ये आणून राखला गेला. मूळचा तो इबेरियाच्या कोरड्या प्रदेशातला असल्यामुळे ओलसर, घट्ट जमीन त्याला मानवत नसे. म्हणून जमीनदारांनी आणि मठांनी त्याच्यासाठी भुसभुशीत मातीचे ढीग घातले, त्यांच्याभोवती पाणी निचरण्यासाठी चर खणले आणि राखणदार नेमले. अशा राखीव क्षेत्राला वॉरन म्हणतात. ते शोधताना एकट्या उंचवट्यावर भिस्त ठेवू नये, कारण त्याचा अर्थ हद्दीचे बांध, सापळे, राखणदाराचे घर आणि कागदपत्रे यांच्याशी ताडून पाहिल्यावरच लागतो.

कामाची सुरुवात घरी बसून करावी, आणि ती पुण्यात बसूनही करता येते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे एकोणिसाव्या शतकातील, बारीक तपशील दाखवणारे नकाशे विनामूल्य पाहता येतात. त्यांत वॉरन, किंवा सशाच्या 'कोनी' या जुन्या इंग्रजी नावावरून आलेली कोनिगर, कोनिगार्थ अशी शेतांची व टेकड्यांची नावे शोधावीत. जागा हेरली की तिची लायडार प्रतिमा उघडावी. विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी मोजलेली ही उंची झाडोऱ्याखालची जमीनही दाखवते आणि इंग्लंडसाठीची माहिती सर्वांना खुली आहे. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. अशा प्रतिमांत प्रकाश बहुधा वायव्येकडून पाडलेला असतो, त्यामुळे वायव्य–आग्नेय पसरलेल्या बुटक्या उंचवट्याची सावली जवळजवळ पडतच नाही आणि तो नजरेतून निसटतो. क्यूजीआयएससारख्या नकाशे हाताळण्याच्या मोफत संगणक प्रणालीत प्रकाशाची दिशा दोन-तीन वेळा बदलून तीच जागा पुन्हा पाहावी. माझ्या मते ही पायरी गाळणे म्हणजे निम्मे काम सोडून देणे होय.

प्रत्यक्ष जागेवर जाण्यासाठी हिवाळ्याचा शेवट सर्वांत चांगला. उन्हाळ्यात डार्टमूरवर ब्रॅकन नावाचे नेचे कमरेपर्यंत वाढतात आणि सगळे झाकून टाकतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अर्ध्या मीटरचा चढही स्पष्ट उठून दिसतो. पुरातत्त्वज्ञ ज्याला पिलो माउंड म्हणतात, तो दिसायला बैठकीतल्या लोडासारखा असतो: साधारण 15 ते 40 मीटर लांब, 5 ते 10 मीटर रुंद, आणि उंची व रुंदी टोकापासून टोकापर्यंत जवळपास सारखी. उतारावर तो बहुधा उताराच्या दिशेने घातलेला असतो, म्हणजे पाणी अडून राहत नाही. काहींच्या पोटात दगडी फरशांनी झाकलेल्या अरुंद वाटा बांधलेल्या असत, जेणेकरून सशांना तयार बिळे मिळत.

नवाश्मयुगीन लांब दफनटेकडीशी याची गल्लत नेहमी होते. ती टेकडी सहसा बरीच मोठी असते, तिचे एक टोक अधिक उंच व रुंद असते आणि चर मुख्यतः दोन लांब बाजूंनाच असतात. डार्टमूरवर कथिलाच्या जुन्या खाणकामाचे ढिगारेही फसवतात. ते ओढ्यालगत, ओबडधोबड आणि दगडगोट्यांनी भरलेले असतात. कधी दोन काळ एकमेकांवर रचलेले आढळतात. सॉमरसेटमधील डोलबरी वॉरन येथे लोहयुगीन डोंगरी किल्ल्याच्या आतच पुढे ससे राखले गेले. तेथे तटबंदी एका युगाची आणि आतले लांबट उंचवटे दुसऱ्या युगाचे.

उंचवटे सापडले की नजर बाहेरच्या बाजूला वळवावी. ब्रेकलँडमध्ये वॉरनची हद्द मातीच्या रुंद बांधांनी आखलेली असे. डार्टमूरवर प्लिम नदीच्या खोऱ्यात, ट्राउल्सवर्दी, डिट्सवर्दी आणि लेगिस टॉर या परिसरात, सशांवर टपलेल्या स्टोट व वीझल या लहान शिकारी प्राण्यांसाठी केलेले दगडी सापळे आजही पाहता येतात. बिनचुन्याचे दोन बुटके गडगे निमुळते होत एका चिंचोळ्या दगडी बोळापाशी येतात. भिंतीच्या कडेने पळण्याची सवय असलेला प्राणी आपोआप बोळात शिरे आणि दोन्ही तोंडांवरच्या पाटीच्या दगडाच्या झडपा खाली पडत. गुडघे टेकून ही रचना निरखावी, कारण दुरून ती विखुरलेले धोंडेच वाटते.

राखणदाराच्या घराचा सर्वोत्तम नमुना नॉरफोकमध्ये आहे. थेटफर्डच्या मठाधिपतीने सुमारे 1400 साली बांधवलेली ही दुमजली गढीवजा इमारत चकमकीच्या दगडांची असून तिच्या भिंती जाड आहेत. सशस्त्र चोरांपासून बचाव हे तिचे कारण. जमीनदारांचा व मठांचा शिकारीचा हक्क सामान्यांना किती सलत होता याची कल्पना 1381 च्या शेतकरी बंडावरून येते: मठाविरुद्ध उठलेल्या सेंट ऑल्बन्सच्या लोकांनी जिवंत ससा शिक्षेच्या खोड्यावर बांधून आपला विजय जाहीर केला होता.

काळ ठरवताना मात्र संयम हवा. असे उंचवटे एकोणिसाव्या शतकापर्यंत जवळपास त्याच आकारात घातले जात होते आणि डार्टमूरवरचे अनेक उंचवटे मध्ययुगानंतरचे आहेत. त्यामुळे जहागिरीचे हिशेब, शिकारीच्या हक्काची राजाज्ञा किंवा जुना करारनामा हाती लागल्याशिवाय 'मध्ययुगीन' हा शब्द वापरू नये. 'वॉरनचे अवशेष, काळ अनिश्चित' असे लिहिणे अधिक प्रामाणिक आहे.

जाण्यापूर्वी इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत ती जागा संरक्षित आहे का, हे तपासावे. संरक्षित स्मारकावर परवानगीवाचून खणणे किंवा धातुशोधक यंत्र चालवणे 1979 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि खासगी जमिनीवर मालकाची संमती लागतेच. प्रत्येक उंचवट्याची लांबी, रुंदी, उंची, दिशा, चराची स्थिती आणि नकाशावरचे स्थान टिपावे, मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, आणि आधी कोणी नोंदवलेला नसल्यास तो तपशील त्या परगण्याच्या ऐतिहासिक नोंदवहीकडे पाठवावा.