कोळशाच्या स्लरीत पाण्याचा पाइप सोडणाऱ्यांनो, या चुका टाळा

बॉयलरच्या फर्नेस ऑइलचं बिल पाहून कुणाच्या तरी डोक्यात स्लरी येते. दळलेला कोळसा, पाणी, चिमूटभर रसायन. बर्नरमधून तेलासारखी फवारायची आणि जाळायची. कल्पना खोटी नाही. चीनमध्ये वर्षानुवर्षं हे बॉयलर चालतात. बिघडतं ते एकाच सवयीमुळे: स्लरी घट्ट झाली, पंप कण्हतो, नोझल अडकलं, टाकीत गाळ बसला, या सगळ्यावर पाण्याचा पाइप सोडणे हा एकच उपाय लोकांना माहीत असतो. या इंधनात पाणी हा औषधाचा भाग नाही, आजाराचा आहे. जेवढं कमीत कमी चालेल तेवढंच घालायचं.

आधी आकडे. जळणाऱ्या स्लरीत वजनाने ६५ ते ७० टक्के कोरडा कोळसा, उरलेलं पाणी आणि कोळशाच्या वजनाच्या १ टक्क्याच्या आतबाहेर रसायनं. कणांचा वरचा आकार ३०० मायक्रॉन, त्यातले ७० ते ७५ टक्के ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली. घट्टपणा साधारण १००० सेंटिपॉइज (पाण्याच्या हजारपट), आणि तोही घुसळल्यावर कमी होणारा. घुसळल्यावर घट्ट होणारी स्लरी बर्नरपर्यंत नेऊच नका, नोझलच्या अरुंद वाटेत ती दगडासारखी वागते. याला पाइपलाइनच्या स्लरीशी गल्लत करू नये. अमेरिकेतल्या ब्लॅक मेसा पाइपलाइनमधून १९७० ते २००५ कोळसा सुमारे ४४० किलोमीटर वाहत यायचा, पण ते निम्मं पाणी असायचं आणि वीजकेंद्रात सेंट्रिफ्यूजने (गरगर फिरवून पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राने) ते काढून मगच कोळसा जाळायचे. ‘तिकडे निम्मं पाणी चालतं मग आपल्याला का नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याला एवढंच उत्तर पुरे.

पावसाळ्यात उन्हाळ्याचं माप वापरणे

गोव्यात ही चूक दरवर्षी जूनमध्ये उगवते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोळसा अर्धा उघड्यावर, वर फाटकी ताडपत्री, आणि मिक्सिंगवाल्याकडे भिंतीवर चिकटवलेला मेमधला कागद: कोळसा इतका, पाणी इतकं.

हिशोब करून पाहा. १००० किलो स्लरीत ६५ टक्के, म्हणजे ६५० किलो कोरडा कोळसा हवा. कोळशात एकूण ओलावा ८ टक्के असेल तर ६५० भागिले ०.९२, म्हणजे ७०६ किलो कोळसा घ्यायचा. त्यात ५६ किलो पाणी आधीच आहे, वरून २९४ घालायचं. आता पाऊस लागला, ओलावा १६ टक्क्यांवर गेला आणि माप तेच राहिलं. कोरडा कोळसा आला ५९३ किलो, पाणी झालं ४०७. स्लरी ५९ टक्क्यांवर घसरली. ६५०० किलोकॅलरीच्या कोळशाला, पाण्याच्या वाफेत जाणारी उष्णता वजा करून, किलोमागे ४०२० ऐवजी ३६२० किलोकॅलरी मिळतात. दहा टक्के उष्णता गेली, आणि गेली ती दिसत नाही. दिसतं काय, तर वाफेचा दाब चढत नाही. मग बॉयलर चालवणारा फायरमन पंपाचा वेग वाढवतो, ज्योत लांबते, धूर येतो, आणि दोष बर्नरला मिळतो.

बरोबर माप होतं ७७४ किलो कोळसा आणि २२६ किलो पाणी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वजनकाटा आणि १०५ अंशांची भट्टी पुरते. ठेचलेला नमुना वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा. पावसाळ्यात दर शिफ्टला एकदा, आणि ढिगाची जागा बदलली की लगेच. नमुना ढिगाच्या वरच्या कातडीचा घेऊ नका. हातभर खणा, आणि तळाकडचा वेगळा घ्या, कारण पाणी खाली उतरतं आणि चुऱ्यात बसून राहतं. तयार स्लरीचाही थेंब सुकवून टक्केवारी काढा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर काट्याकडे बघा.

दोन चोरवाटा इथेच बंद करा. द्रवरूपात येणाऱ्या डिस्पर्संटमध्ये (कण सुटे ठेवून स्लरी वाहती करणारं रसायन) बरेचदा ६० टक्के पाणीच असतं. तेही हिशोबात धरा. आणि लाइन धुतलेलं काळं पाणी पुन्हा कोळसा दळणाऱ्या मिलमध्ये घ्यायचं असेल, आणि घ्यावंच, तर त्यातला कोळसाही मोजा.

स्वस्तात मिळाला म्हणून कुठलाही कोळसा

इंडोनेशियाचा बराचसा कोळसा सच्छिद्र असतो. त्याचं पाणी पृष्ठभागावर नसतं, पोटात असतं. ते पाणी वजनात मोजलं जातं पण कणांना सरकायला मदत करत नाही. त्याची ६५ टक्क्यांची स्लरी करायला गेलात तर मिलमधून चिखलाचे गोळे बाहेर येतात. ५० ते ५५ ला तो माणसात येतो. त्याहून जास्त हट्ट धरू नका. आतला ओलावा कमी, राख १० टक्क्यांच्या आत आणि तापल्यावर वायू होऊन उडणारे पदार्थ २५ टक्क्यांहून जास्त असलेला बिटुमिनस कोळसा शोधा. मुरगाव बंदरात पोलाद कारखान्यांसाठी उतरणारा कोकिंग कोळसा पाहून हुरळू नका. तो महाग आहे आणि या कामाला त्याच्या खास गुणांचा उपयोग नाही.

‘जितकं बारीक तितकं बरं’

नाही. सगळे कण सारखेच बारीक झाले तर मधल्या फटींत पाणी भरावं लागतं आणि स्लरी लापशी होते. काँक्रीटमध्ये खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट बसतं, तसं इथे भरड आणि बारीक दोन्ही लागतं. मिलमध्ये दळणारे मोठे-लहान गोळे मिसळून ठेवा. डिस्पर्संट (नॅप्थलीन सल्फोनेट जातीचं, कोरड्या कोळशाच्या ०.५ ते ०.८ टक्के) दळतानाच घाला, नंतर नाही. नवा पृष्ठभाग तयार होतो तेव्हाच ते त्याला चिकटायला हवं. याउलट झॅन्थन किंवा सीएमसीसारखं स्टॅबिलायझर (कण तळाला बसू न देणारा डिंकासारखा पदार्थ) मिलनंतर, हळू ढवळत. मिलमध्ये टाकलंत तर त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि पैसे पाण्यात.

पाणी कुठलं? वास्को-सांकवाळ पट्ट्यातल्या खारट बोअरचं मुळीच नको. कॅल्शियम-मॅग्नेशियम डिस्पर्संटला निकामी करतं, क्लोराइड टाकी खातं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बरेचदा आम्लाकडे झुकलेलं आणि लोहयुक्त असतं. पीएच ७ ते ९ मध्ये आणूनच वापरा.

खाण सोडून आलेल्यांची सवय

२०१२ नंतर खाणी थंडावल्या तेव्हा खनिज धुण्याच्या प्लांटमधली जाणती माणसं इतर कारखान्यांत गेली. हात कसलेले, पण एक सवय घातक: स्लरी म्हटलं की वेग. लोहखनिजाचा जड दाणा खाली बसू नये म्हणून तिथे सेंट्रिफ्यूगल पंपाने जोरात पळवावं लागतं. इथे उलट आहे. तासाला ३ टन स्लरी ५० मिलिमीटरच्या पाइपातून सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या संथ चालीने जाते आणि ३० मीटरला सव्वा बारच्या आसपास दाब लागतो. वेग यावा म्हणून पाइप २५ मिलिमीटरचा केला की कागदावर दाब सोळापट, म्हणजे २० बारच्या वर. स्लरी घुसळली की पातळ होते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण एका टप्प्याचा स्क्रू पंप ६ बारच्या वर ताणायचा नसतो. मग काय होतं? पाणी घालतात.

स्क्रू पंप, वेग बदलणारा ड्राइव्ह, मोठ्या त्रिज्येची वळणं, दोन कप्प्यांची गाळणी. गिअर पंप नको. स्क्रू पंप कोरडा चालवू नका. स्क्रूभोवतीचं रबरी अस्तर, म्हणजे स्टेटर, काही मिनिटांत जळतं.

चवथीच्या सुट्टीत टाकी तशीच सोडणे

एका कारखान्यात घडलेली ही गोष्ट, पण थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी घडते. चवथीला कामगार पाच दिवस गावी. २० घनमीटरची टाकी तीन चतुर्थांश भरलेली. ‘रोजचा वापर आहे, बसायला वेळ कुठे मिळतो’ म्हणून स्टॅबिलायझर आधीच बंद केलेलं. वीज वाचावी म्हणून ढवळणीही बंद.

परत आल्यावर वरून सगळं ठीक. वर पाण्याचा पातळ थर, खाली काळा द्रव. सुपरवायझरने ढवळणीचं बटण दाबलं. पाती गच्च बसलेल्या थरात रुतलेली होती. मोटर फिरली, शाफ्ट वाकला, गिअरबॉक्स गेला. मग पंप सुरू केला. तळाचं तोंड बंद, पंप कोरडा, स्टेटर जळाला. नवा स्टेटर बसवेपर्यंत वरून दोन तास पाण्याचा पाइप सोडून ठेवला. वरचा अर्धा भाग पार पातळ झाला, खालचा थर हललाही नाही. हीच पातळ स्लरी बाजूच्या तोंडातून बर्नरला दिली, आणि ज्योत विझली. शेवटी माणूस आत उतरवून फावड्याने काढायचं ठरलं. ते कुणीतरी वेळीच थांबवलं, हे नशीब. ओला कोळसा बंद टाकीत हवेतला ऑक्सिजन खातो. ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजल्याशिवाय, वर दुसरा माणूस आणि दोर असल्याशिवाय तिथे कुणी उतरायचं नाही.

खरी चूक सुट्टीच्या आधीची. चार दिवस आधीपासून उत्पादन कमी करून टाकी तळाला आणा. उरेल त्यात स्टॅबिलायझर ०.०२ ते ०.०५ टक्के हवंच. ढवळणी टायमरवर, दर तासाला दहा-पंधरा मिनिटं, आणि तिची वायर जनरेटरला जोडलेली. पावसात वीज जाणारच. पाइप आणि पंप पाण्याने धुऊन रिकामे. शिवाय या दमट उष्म्यात झॅन्थनला जंतू लागतात. स्लरीला आंबूस वास आला की समजा स्टॅबिलायझर संपलं. जंतुनाशकाची किंचित मात्रा स्वस्त पडते.

रोजची चाचणी सोपी आहे. १० मिलिमीटरचा गुळगुळीत स्टील रॉड टाकीत सोडा. स्वतःच्या वजनाने तळाला ठणकन लागला तर छान. मऊ थरात रुतून दाबल्यावर उतरला तर आजच ढवळा. वरच थांबला तर बटणाला हात लावू नका. आधी थराची उंची मोजा, मग डिस्पर्संट घातलेलं थोडं पाणी लांब नळीने थराच्या आत, एका बाजूने, जोरात मारा. सैल होईल तेवढं बाजूच्या तोंडातून काढून मिलमध्ये परत पाठवा. दोन शिफ्ट जातील. जाऊ द्या.

थंड भट्टीत स्लरी सोडणे

डिझेलची ज्योत दिसली की लगेच स्लरीचा व्हॉल्व्ह उघडणारे घाईचे लोक इथे सापडतात. स्लरीचा थेंब आधी सुकतो, मग त्यातून वायू निघतो, मग तो पेटतो. बर्नरच्या तोंडाच्या विटा लाल, ७५० ते ८०० अंशांवर नसतील तर थेंब सुकून जमिनीवर पडतो. तिथे धुमसतो, वायू साचतो आणि मागून पेटला की भट्टीची दारं उडतात.

क्रम असा: पाच मिनिटं पंख्याने भट्टी हवा देऊन साफ, डिझेल बर्नर, विटा तापणे, मग नोझलला हवा किंवा वाफ ६ बारच्या आसपास, सर्वांत शेवटी स्लरी, तीस टक्के प्रवाहाने. डिझेलची ज्योत ताबडतोब बंद करू नका. ज्वलनाची हवा आधी तापवलेली असेल तर काम खूप सोपं होतं. ज्योत गेली तर स्लरी त्याच क्षणी बंद, पुन्हा पाच मिनिटं हवा. ‘विटा गरम आहेत, आपोआप पेटेल’ म्हणणाऱ्याला पॅनेलपासून दूर ठेवा. बंद करताना उलटं: स्लरी बंद, नोझलमधून पाणी, आणि हवा शेवटपर्यंत चालू.

ठिणग्या उडू लागल्या, किंवा ज्योत तोंडापासून हातभर पुढे सरकली, तर आधी हवेचा दाब आणि स्लरीची टक्केवारी बघा, मग नोझल. साधं स्टील लवकर झिजतं. टंगस्टन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचं टोक शेकडो तास टिकतं. पंपाचा वेग तोच आणि नोझलचा दाब रोज थोडा उतरतोय, म्हणजे भोक मोठं झालंय. हे दोन आकडे वहीत लिहिणारा फायरमन नव्या सेन्सरपेक्षा कामाचा.

थोडक्यात उरलेल्या:

तेलाच्या बॉयलरला फक्त बर्नर बदलून स्लरी लावू नका. राख काढायची सोय नाही, धुराच्या नळ्या भरतात, आणि क्षमता बरीच खाली येते.

साधारण दोन ते अडीच टन स्लरी एक टन तेलाचं काम करते. एकास एक धरून टाकी आणि पंप मागवू नका.

इंधन बदलण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि बॉयलर इन्स्पेक्टरचा होकार. नंतर कागद करू म्हणणारे पुढे बंदीची नोटीस वाचत बसतात.

सांडलेली स्लरी लगेच धुऊन खड्ड्यात घ्या. वाळली की ती धूळ होते, आणि पहिल्या सरीत शेजारच्या शेतात जाते.

नोझल अडकलं तर तारेने टोकरू नका. उतरवा, पाण्यात भिजवा, उलट बाजूने हवा मारा, आणि गाळणीची जाळी फाटली आहे का ते बघा. बहुतेक वेळा फाटलेली असते.