सात रस्त्याला स्पोर्ट मोड कशाला?

ऑटोमॅटिक घेतली तेव्हापासून गाडी कायम स्पोर्टवरच. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाच्या गर्दीत पाय नुसता टेकला की हिसका बसायचा, मागे आई सीटची कड घट्ट धरून बसलेली. पेट्रोलही भसाभस जायचं. दोष गिअरबॉक्सचा नव्हताच. स्पोर्टमध्ये गिअर उशिरा वर पडतो, इंजिनचे फेरे चढेच राहतात आणि अ‍ॅक्सिलरेटर हळवा होतो. आता शहरात नॉर्मलच. दोन दिवसांत पायाला सवय झाली, आईचा हातही सुटला.

तुळजापूरच्या ४५ किलोमीटरमध्ये मात्र ट्रक ओलांडताना तेवढ्यापुरता स्पोर्ट लावतो. घाट उतरतानाही, कारण माझ्या गाडीत तो खालचा गिअर धरून ठेवतो, ब्रेक कमी तापतात. ही सोय मला खरंच फार आवडते.